रजेच्या जागेवर रुजू होताना

बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी काही महिने शिकवायचं असेल तर काय काय लागतं, हे बी.एड. झालेल्या ओळखीतल्या मुली मला वरचेवर विचारतात. सहा महिन्यांचंच तर काम आहे, पदवीच्या झेरॉक्स दिल्या की झालं, अशी बहुतेकींची समजूत असते. माझ्याकडे मात्र कायम शिक्षकाकडे मागतात तीच पात्रता मागितली गेली, आणि ती मागितलीच पाहिजे असं माझं मत आहे. आठवीतल्या मुलाला आठवी एकदाच मिळते. त्या वर्षाचा मोठा तुकडा बदली शिक्षिकेच्या हाती जाणार असेल, तर तिला पारखून घ्यायला नको का?

मी जुलै २०२५ पासून जानेवारीपर्यंत सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी-नववीला गणित आणि विज्ञान शिकवलं. तिथल्या कायम शिक्षिका प्रसूती रजेवर गेल्या होत्या. ही रजा १८० दिवसांची असते. मधली दिवाळीची सुट्टी सोडली तर पहिल्या सत्राचा बराचसा भाग आणि दुसऱ्या सत्राची सुरुवात, एवढं सगळं माझ्याकडे येणार होतं.

कायम नेमणुकीचा रस्ता वेगळा आहे. २०१७ पासून शिक्षक भरती शासनाच्या 'पवित्र' या ऑनलाइन पोर्टलमधून होते आणि त्यासाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. दोन तासांत दोनशे प्रश्न, त्यातले १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. ती चाचणी मी २०२५ च्या मे-जूनमध्ये दिली होती आणि पुढच्या प्रक्रियेची वाट पाहत होते. रजेची जागा मात्र आमच्याकडे शाळा आणि संस्था आपल्या पातळीवर भरतात. त्याची जाहिरात मोठी नसते. शाळेच्या फलकावर कागद लागतो, शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात चार ओळी फिरतात. मला बी.एड.च्या आमच्या सरांनी कळवलं. म्हणून सांगते, कॉलेजच्या सरांशी, छात्रसेवेला म्हणजे सरावाचे पाठ घ्यायला गेलेल्या शाळांशी संबंध ठेवा. अशा जागांची खबर तिथूनच येते.

मुख्याध्यापकांचा फोनवरचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, टीईटी झालीय का? दोन नंबरचा पेपर?" पदवी, बी.एड. हे सगळं नंतर. कारण त्या जागेकडे आठवीचे तास होते. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यासाठी शिक्षण हक्क कायद्यानंतर, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेपासून, शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच टीईटी, आवश्यक आहे. नुसती नववी-दहावी असती तर विषयातली पदवी आणि बी.एड. यावर भागलं असतं. माध्यमिक शाळांत पाचवीपासूनचे वर्ग असतात आणि एकाच शिक्षकाकडे आठवी आणि नववी दोन्ही येतात, म्हणून हा प्रश्न हमखास निघतो.

टीईटी मी १० नोव्हेंबर २०२४ ला दिली होती. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. १५० प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात, मागास प्रवर्गांना ५५ टक्के. दुसऱ्या पेपरात बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे ३०, दोन भाषांचे तीस-तीस, आणि ६० गुण गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्रांचे. ऐकायला सोपं वाटतं, पण पास होणाऱ्यांचं प्रमाण दरवेळी फार कमी असतं. विज्ञान पदवीधर मुली गणित-विज्ञानावर भर देतात आणि भाषेत गुण घालवतात, असं मी आजूबाजूला पाहिलं. मी उलट मराठीच्या उताऱ्यांवर आणि व्याकरणावर रोज वेळ घालवला. एक चांगलं झालंय, २०२१ पासून हे प्रमाणपत्र कायमचं ग्राह्य धरलं जातं. पूर्वी सात वर्षांनी त्याची मुदत संपायची.

बालमानसशास्त्राचा भाग निव्वळ पाठांतराचा असतो असं म्हणतात, ते मला पटत नाही. मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीचं म्हणणं मी परीक्षेसाठी वाचलं होतं की मुलाला एकट्याने काय जमतं आणि कोणाच्या मदतीने काय जमतं, या दोहोंमधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. दुसऱ्याने अर्धवट सोडलेला वर्ग हातात घेताना नेमकं तेच शोधावं लागतं.

डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका केलेल्यांनी आणि बी.एड. केलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता चालत नाही. प्राथमिकच्या रजेच्या जागेसाठी बी.एड.वाल्या मुली अर्ज घेऊन जातात आणि परत येतात, तो हेलपाटा वाचेल.

फोननंतर कागदांची यादी आली. दहावीपासून बी.एड.पर्यंतची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं, टीईटीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाची प्रत, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, वैद्यकीय दाखला आणि हमीपत्र. सगळ्याच्या स्वयंसाक्षांकित प्रती, मूळ कागद दाखवायला. वैद्यकीय दाखला नोंदणीकृत डॉक्टरांचा चालला, त्यात फार वेळ गेला नाही. वेळ खाल्ला तो दोन गोष्टींनी.

पहिली गोष्ट नावाची. दहावीपासून बी.एस्सी.पर्यंत माझ्या प्रत्येक कागदावर माहेरचं नाव आहे, बी.एड., टीईटी आणि आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र माझ्याकडे होतं. ते पुरेल असं मला वाटत होतं, पण शाळेच्या लिपिकांनी राजपत्र मागितलं. त्यांचं म्हणणं असं की विवाहाचा दाखला लग्न झाल्याचं सांगतो, नाव बदलल्याची प्रसिद्धी राजपत्रात होते, आणि उद्या तपासणी आली तर त्यांना उत्तर द्यावं लागेल. राजपत्रासाठी आता अर्ज ऑनलाइन करता येतो. जुन्या आणि नव्या नावाचा पुरावा, फोटो आणि शुल्क, एवढं लागतं. पण प्रसिद्धी व्हायला मधे दिवस जातात आणि शाळेला माणूस तर लगेच हवं असतं. मुख्याध्यापकांनी मधला मार्ग काढला. अर्ज केल्याची पावती आणि विवाह प्रमाणपत्र यावर रुजू करून घेतलं, राजपत्र नंतर फाईलला लावलं.

ही अडचण बायकांनाच येते. पुरुषाची सगळी प्रमाणपत्रं जन्मभर एकाच नावाने चालतात. म्हणून लग्न झालेल्या प्रत्येक मुलीला माझं सांगणं आहे, नाव बदलायचं ठरवलं असेल तर राजपत्राचं काम नोकरीची गरज पडण्याच्या आधीच उरकून घ्या. आणि बदलायचं नसेल तर घरच्यांच्या आग्रहाने आधारवर वेगळं आणि प्रमाणपत्रांवर वेगळं असं ठेवू नका.

दुसरी गोष्ट चारित्र्य पडताळणीची. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांमधल्या मुलांच्या सुरक्षेसाठी निर्णय काढला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी यांच्याबरोबर शाळेत नेमल्या जाणाऱ्या माणसांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेण्याची सूचना त्यात आहे. सहा महिन्यांसाठी येणारी शिक्षिकाही त्यातून सुटत नाही. अर्ज पोलिसांच्या संकेतस्थळावर भरायचा, मग पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं. माझं माहेर एका ठाण्याच्या हद्दीत आणि सासर दुसऱ्या, त्यामुळे पत्त्याचे दोन्ही पुरावे न्यावे लागले. ठाण्यातल्या हवालदार ताईंनी सगळं नीट विचारून घेतलं. घरी सासऱ्यांना मात्र हे आवडलं नव्हतं. "मास्तरीण व्हायला पोलिसांत कशाला जायचं?" असं ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं, आपली नात ज्या शाळेत जाते तिथल्या नव्या माणसाबद्दल तुम्हाला हेच विचारावंसं वाटेल. त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या वेळी तेच मला गाडीवरून ठाण्यात घेऊन गेले.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला ती सांगते. मी घरी शिकवण्या घेत होते. सातवी ते दहावीची मुलं संध्याकाळी येत आणि त्यावर घरातला माझा वाटा चालायचा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ सांगतं की शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही. मला कुणी कुणी सांगितलं की तुम्ही काही कायम नाही, तात्पुरत्या आहात, कोण विचारतंय. पण माझ्या शिकवणीला येणारी दोन मुलं त्याच शाळेतली होती. वर्गात मीच शिकवायचं, गुण मीच द्यायचे आणि संध्याकाळी त्यांच्याच घरून पैसे घ्यायचे, हे मला जमणारं नव्हतं. इतर मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी माझ्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं असतं? मी सगळ्या पालकांना भेटून शिकवण्या बंद केल्या. दहावीची मुलं ओळखीच्या एका ताईंकडे लावून दिली, कारण ती अर्ध्यावर सुटायला नको होती. आर्थिक ओढ लागली. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला, म्हणजे सुरुवातीची वर्षं मानधनावर असलेल्या नव्या शिक्षकाला, जानेवारी २०२३ पासून महिन्याला १८,००० रुपये मानधन आहे, माझं त्याहून बरंच कमी ठरलं होतं आणि ते संस्थेच्या निधीतून यायचं होतं. तरीही तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. जी मुलगी अशी जागा घ्यायचा विचार करतेय तिने हा हिशोब आधीच घालावा, घरच्यांशी बोलून घालावा. जानेवारीत जागा सुटते तेव्हा शिकवणीची मुलं परत येतीलच असं नसतं.

निवडीसाठी मुलाखत आणि एक पाठ होता. पाठाचा घटक आदल्या दिवशी कळवला, आठवीच्या विज्ञानातला 'बल व दाब', त्यातला द्रवाचा दाब. मी प्लॅस्टिकच्या बाटलीला वेगवेगळ्या उंचीवर तीन भोकं पाडून नेली. पाणी भरल्यावर सगळ्यात खालच्या भोकातली धार सगळ्यात जोरात का येते, एवढाच प्रश्न मुलांना टाकला आणि त्यांना बोलू दिलं. एकाने भोक मोठं पाडलंय म्हणून सांगितलं, तर त्यालाच पुढे बोलावून भोकं मोजायला लावली. मागे मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि विज्ञानाचे एक ज्येष्ठ सर बसले होते.

मुलाखतीत त्या सरांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला. "आधीच्या मॅडमनी शिकवलेला धडा मुलांना कळला नाही असं तुमच्या लक्षात आलं, तर परत शिकवणार की नियोजनाप्रमाणे पुढे जाणार?" मी म्हटलं, आधी तोंडी प्रश्नांनी पाहीन की अडलंय नेमकं कुठे. सूत्र येत नसेल तर पुढच्या धड्यात वापरता वापरता येईल. पण भागाकार किंवा एककंच येत नसतील तर थांबेन. सर म्हणाले, "आणि मॅडमना फोन कराल की नाही?" तो मुद्दा त्यांनी मला दिला आणि पुढे सगळ्यात उपयोगी पडला.

निवड झाल्यावर नेमणुकीचा आदेश हातात घेतल्याशिवाय मी वर्गात गेले नाही. हे प्रत्येकीने करावं. आदेशात पद, विषय, इयत्ता, कालावधी, मानधन, आणि कायम शिक्षिका रुजू होताच नेमणूक आपोआप संपेल हे वाक्य, इतकं असावं. हमीपत्रात मी नियमित सेवेत घेण्याची मागणी करणार नाही असं लिहून दिलं. शासनाच्या निधीतून पगार नसल्याने शालार्थमध्ये, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या शासकीय प्रणालीत, माझं नाव येणार नव्हतं, तेही मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीचं मानधन मिळणार का, हे मी आधीच विचारून आदेशात घालून घेतलं. काही शाळा तासिका तत्त्वावर नेमतात. तिथे घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात आणि सुट्ट्यांचे मिळत नाहीत. माझ्या एका मैत्रिणीला हे दिवाळीनंतर कळलं. ती कुठे शिकवत होती ते सांगत नाही, पण तिला तोंडी शब्दावर नेमलं होतं आणि पैशांसाठी पुढे तिला फार फिरावं लागलं.

कागद संपले. यादीत नसलेली आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट इथून सुरू झाली.

मी मुख्याध्यापकांना विनंती केली की मॅडम रजेवर जाण्याआधीचे काही दिवस मला त्यांच्या तासांना मागच्या बाकावर बसू द्या. त्या दिवसांचं मानधन नव्हतं. मॅडमना आठवा महिना सरत आला होता, पाय सुजायचे, तरी उभ्याने शिकवायच्या. मी त्यांचं शिकवणं पाहत होते, त्याहून जास्त मुलं त्यांच्याकडे कशी पाहतात ते पाहत होते. फळ्याचे त्या तीन भाग करायच्या. डावीकडे आजचा मुद्दा, मधे उदाहरण, उजवीकडे गृहपाठ. उजवीकडचं कधी पुसायच्या नाहीत. मुलं उजवीकडे पाहून न सांगता वही काढायची. मी तेच फळ्याचे तीन भाग शेवटपर्यंत ठेवले.

त्यांनी मला वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि टाचण वही दिली. आठवीचं 'बल व दाब' अर्ध्यावर होतं, नववीचं 'गतीचे नियम' संपून 'कार्य आणि ऊर्जा' सुरू झालं होतं. पण खरी वही वेगळीच होती. एका दोनशे पानी वहीत त्यांनी मुलांची नावं लिहिली होती आणि समोर एकेक ओळ. अमुक मुलगा फळ्यावरचं सुरेख उतरवतो पण विचारलं तर सांगता येत नाही. तमुक मुलीला लांबचं दिसत नाही, चष्मा सांगितलाय, अजून आणलेला नाही, पुढे बसवा. याला उभं करून विचारू नका, जवळ जाऊन वहीत बघून विचारा, उभं केलं की गप्प होतो. वाडीवरून एसटीने येणारी चार मुलं पहिल्या तासाला उशिरा येतात, त्यांचा दोष नाही, गाडीच तशी आहे.

माझ्या टीईटीत, बी.एड.त, मुलाखतीत हे काहीच नव्हतं, आणि पहिल्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त कामाला आली ती हीच वही. शिक्षिका रजेवर जाते तेव्हा तिच्याकडून चाव्या आणि रजिस्टरं लिहून घेतात, पण वर्गाबद्दलची माहिती कोणी लिहून घेत नाही. मॅडमनी ती आपणहून दिली. मला वाटतं शाळेने हे बंधनकारक करावं. जाणाऱ्या शिक्षिकेने प्रत्येक मुलाबद्दल एक ओळ लिहावी, आणि येणारीला निदान दोन-तीन दिवस तिच्याबरोबर वर्गात बसायला मिळावं, तेही मानधनासह.

मी रुजू झाले तो दिवस परिपाठानंतर थेट आठवी 'ब'च्या वर्गात गेला. 'अ' तुकडी सेमी इंग्रजीची, 'ब' मराठी माध्यमाची, आणि दोन्हींना मीच. सेमीच्या वर्गात एकके आणि सूत्रं इंग्रजीतून, समजावणं बहुतेक मराठीतून, हे शाळेत सगळेच करतात. पहिल्या काही तासांत मुलं सारखी म्हणायची, "बाई, आमच्या मॅडम असं नाही लिहीत." सूत्र मांडताना मॅडम आधी 'दिलेले' आणि 'काढायचे' अशा दोन ओळी लिहायच्या. मी त्यांचीच पद्धत घेतली. नव्या बाईची नवी पद्धत मुलांवर सहा महिन्यांसाठी लादायची आणि मग परत मोडायची, यात मुलांचंच नुकसान आहे. स्वतःची छाप पाडायची हौस असेल तर ती कायम जागेवर गेल्यावर भागवावी.

तोंडी प्रश्नांत आढळलं की 'ब'मधल्या बऱ्याच मुलांचं दशांश अपूर्णांकांशी जमत नव्हतं. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ ०.५ चौरस मीटर आलं की हात थांबायचे. मुलाखतीत म्हटलं होतं तसं मी थांबले. गणिताच्या तासांतून वेळ काढून दशांश घेतले आणि मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "थांबा तुम्ही, नियोजनाचं मी बघते सरांशी बोलून." बाळाच्या रडण्याचा आवाज मागे येत होता आणि त्या आठवी 'ब'च्या दशांशांबद्दल बोलत होत्या.

१ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि शिक्षक खोलीतलं वातावरण पालटलं. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी लागणार, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल तर दोन वर्षांत पास व्हावं लागणार. पंधरा-वीस वर्षं शिकवलेले सर आणि मॅडम, ज्यांच्याकडून मी रोज काही ना काही शिकत होते, ते मला विचारायला लागले की दुसऱ्या पेपराला पुस्तकं कोणती, बालमानसशास्त्राला किती वेळ द्यायचा. मी माझ्या वह्या आणल्या. मधल्या सुट्टीत आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायचो. एका मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण त्यांच्या नेमणुकीच्या वेळी ही परीक्षाच नव्हती. शिक्षकाची पात्रता तपासावी याबद्दल माझं मत ठाम आहे, पण इतकी वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाची पात्रता बहुपर्यायी प्रश्नांत पूर्ण मावत नाही हेही मी त्या खोलीत पाहिलं. त्यांच्यातले काही जण २३ नोव्हेंबरच्या परीक्षेला बसले.

मूल्यमापनाचं काम रजेवरच्या शिक्षिकेच्या जागी आलेल्यांना सगळ्यात जड जातं. आठवीला आकारिक म्हणजे सत्रभराच्या कामाचे ४० आणि संकलित म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे ६० अशी विभागणी असते. संकलितचा पेपर तपासणं सोपं आहे. पण आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं असतात आणि वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात. जून ते जुलैच्या मध्यापर्यंतचं निरीक्षण मॅडमचं, पुढचं माझं. मी रुजू झाल्यापासून रोज शेवटच्या तासानंतर चार-पाच मुलांबद्दल दोन ओळी लिहीत गेले, त्यामुळे दिवाळीआधी प्रथम सत्राच्या नोंदी भरताना 'अभ्यासात लक्ष देतो' सारखी कोणालाही चालणारी वाक्यं लिहावी लागली नाहीत. ज्याला उभं करून विचारू नका असं लिहिलं होतं, त्या मुलाने ऑक्टोबरमध्ये प्रयोगशाळेत आम्ल आणि आम्लारीचा लिटमस प्रयोग सगळ्यांसमोर समजावून सांगितला. ती नोंद मी तारखेसकट लिहिली.

जानेवारीत मॅडम परत आल्या. मी मुख्याध्यापकांना सांगून दोन दिवस आम्ही बरोबर वर्गात राहिलो, या वेळी मागच्या बाकावर त्या. त्यांच्या दोनशे पानी वहीत मी प्रत्येक नावापुढे माझी ओळ लिहिली होती. चष्मा आला आहे. दशांश जमतात, अपूर्णांकांचा भागाकार अजून कच्चा. एसटीची वेळ बदलली, आता वेळेवर येतात. याच्या घरी आजी वारली डिसेंबरमध्ये, तेव्हापासून वही अपुरी राहते, रागावू नका. मुलं दोघींना एकदम "बाई" आणि "मॅडम" म्हणत होती आणि कोणाला काय विचारायचं याची त्यांची वाटणी ठरलेली होती.

शेवटचं काम अनुभवाच्या दाखल्याचं. तो मागितल्याशिवाय मिळत नाही आणि सोडून गेल्यावर मागायला उशीर होतो, म्हणून शेवटच्या आठवड्यातच लेखी अर्ज द्यावा. दाखल्यावर विषय, इयत्ता, कालावधीच्या दोन्ही तारखा, नेमणुकीच्या आदेशाचा क्रमांक, जावक क्रमांक, मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का, एवढं तिथेच उभं राहून वाचून घ्या. नावाचं स्पेलिंग आधार आणि टीईटीच्या प्रमाणपत्राशी जुळवा. माझ्या दाखल्यावर लिपिकांनी राजपत्राचा संदर्भही टाकला. पुढच्या शाळेत तरी आता नावावरून अडणार नाही.